रक्तातलं कॅफीन आणि त्याची तीन भावंडं: बायोॲनालिटिकल लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

कॅफीन मोजणं तसं सोपं. पाण्यात चांगलं विरघळतं, यूव्हीमध्ये २७३ नॅनोमीटरला भक्कम सिग्नल देतं, मास स्पेक्ट्रोमीटरमध्येही (एमएस) कुरकुर करत नाही. घोळ होतो तो यकृतातून बाहेर पडणाऱ्या पदार्थांचा. सीवायपी१ए२ हे एन्झाइम कॅफीनचा एकेक मिथाइल गट काढतं आणि साधारण ८४ टक्के पॅराझॅन्थीन, १२ टक्के थिओब्रोमीन, ४ टक्के थिओफायलीन तयार होतं. तिघांचं रेणुभार तंतोतंत सारखं, १८०.१६. एमएसमध्ये एक प्रोटॉन जोडला जाऊन तिघंही १८१ वरच दिसतात.

कॅफीनसाठी १९५→१३८ आणि थिओब्रोमीनसाठी १८१→१३८ हे ट्रान्झिशन (मूळ आयन → त्याचा तुकडा) चालतं. पॅराझॅन्थीन आणि थिओफायलीन मात्र दोन्ही १८१→१२४ देतात. म्हणजे मशीन कितीही महागडं असलं तरी या दोघांना वेगळं करायचं काम कॉलमचंच, म्हणजे पदार्थ एकामागून एक बाहेर सोडणाऱ्या नळीचं. सी-१८ प्रकारच्या कॉलमवर आधी थिओब्रोमीन येतं, मग पॅराझॅन्थीन, त्याला खेटून थिओफायलीन आणि शेवटी कॅफीन. रन दोन मिनिटांत उरकायच्या नादात तीव्र ग्रेडियंट लावला, म्हणजे मेथनॉलचं प्रमाण झपाट्याने वाढवलं, की मधली दोघं एकात एक मिसळतात. १५० मिमी कॉलम, ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिडचं पाणी आणि जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास मेथनॉल, तापमान पक्कं धरलेलं, इथून सुरुवात करा.

पीक (आलेखातले उंचवटे) वेगळे झाले की नाही हे बहुतेक जण सारख्या प्रमाणातलं मिश्रण टाकून पाहतात. ती परीक्षा फार सौम्य आहे. कॉफी प्यायलेल्या माणसाच्या रक्तात पॅराझॅन्थीन कितीतरी पट जास्त असतं आणि बिचारं थिओफायलीन त्याच्या शेपटीवर बसलेलं असतं. १० : १ मिश्रण टाकून पाहा, दोन पीकमधली दरी बेसलाइनपर्यंत (तळरेषेपर्यंत) उतरली तरच पुढे जा.

स्टॉक (मूळचं तीव्र द्रावण) बनवताना थिओब्रोमीन त्रास देतं. पाण्यात १ मिग्रॅ/मिली विरघळतच नाही. ०.१ मिग्रॅ/मिली करा, थोडं कोमट करून सोनिकेट करा. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते पटकन विरघळतं, पण तोच द्राव कॅफीनच्या मिश्रणात ओतू नका, अल्कलीत कॅफीन हळूहळू तुटतं. बाटलीवर ‘कॅफीन सायट्रेट’ लिहिलंय का, तेही बघा, कारण त्यात निम्मंच कॅफीन असतं. नवजात बाळांच्या नमुन्यांसोबत येणारे डोसही बहुधा सायट्रेटमध्ये लिहिलेले असतात, २० मिग्रॅ/किलो म्हणजे कॅफीन १०.

नमुना तयार करणं: १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, त्यात इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घालायचा पदार्थ) घातलेलं ३०० मायक्रोलिटर ॲसिटोनायट्राइल, व्होर्टेक्स, मग १०,००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचा द्राव तसाच इंजेक्ट केला की सगळ्यात आधी येणारं थिओब्रोमीन पसरतं, कधी दुभंगतंही, कारण त्यात ७५ टक्के ॲसिटोनायट्राइल असतं. म्हणून ५० मायक्रोलिटर घेऊन ४५० मायक्रोलिटर ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिडच्या पाण्यात मिसळा.

इंटर्नल स्टँडर्ड कार्बन-१३ लेबलचं परवडत असेल तर तेच घ्या. ड्युटेरियमचं कॅफीन स्वस्त पडतं, पण कॉलमवरून किंचित आधी उतरतं. यूव्ही पद्धतींत हायड्रॉक्सिइथाइल थिओफायलीन वापरायची जुनी रीत आहे. आपल्याकडे तिथे एक खड्डा आहे: हाच पदार्थ म्हणजे एटोफायलीन. दम्याच्या रुग्णांना सर्रास दिल्या जाणाऱ्या डेरिफायलिनमध्ये तो थिओफायलीनसोबत असतो. असा रुग्ण आला की इंटर्नल स्टँडर्डचा पीक फुगतो आणि कॅफीन खोटंच कमी दिसतं. औषधांची यादी विचारल्याशिवाय नमुना घेऊ नये.

आता ब्लँक, म्हणजे कॅफीन नसलेला प्लाझ्मा. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट यांपासून खरंच दूर राहिलेला माणूस शोधणं हेच या कामातलं सगळ्यात कटकटीचं. प्रौढांत अर्धायुष्य साधारण ५ तास, पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या की ते जवळपास दुप्पट होतं, म्हणून एका दिवसाच्या पथ्यावर विसंबू नका. सक्रिय कोळशातून काढलेला प्लाझ्मा चालतो, पण आधी तपासून घ्या: ब्लँकमधला सिग्नल सर्वांत खालच्या स्टँडर्डच्या (माहीत प्रमाणाच्या नमुन्याच्या) २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. वरच्या स्टँडर्डनंतर टाकलेल्या ब्लँकलाही, म्हणजे कॅरीओव्हरला (आधीच्या इंजेक्शनमधून मागे उरलेल्या अंशाला), आयसीएच एम१० या पद्धती पडताळण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत हीच मर्यादा आहे. चहाचा कप नमुन्यांच्या टेबलाजवळ दिसता कामा नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

एन्झाइमचा वेग पाहायचा असेल तर कॅफीन दिल्यावर ४ ते ६ तासांनी पॅराझॅन्थीन भागिले कॅफीन काढतात. वजनाचं गुणोत्तर आणि मोलर गुणोत्तर एक नव्हे, पहिल्याला १.०७८ ने गुणलं की दुसरं मिळतं. रिपोर्टवर कोणतं दिलंय ते लिहा. सोबत धूम्रपानाची नोंदही हवी, सिगारेट ओढणाऱ्यांत हे एन्झाइम वाढलेलं असतं. थिओब्रोमीनचा आकडा मात्र या कामी धरू नका. आदल्या रात्रीचं चॉकलेट त्यात मिसळलेलं असू शकतं.