शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा हे सॉफ्टवेअरवर सोपवताना

आधी नियम कागदावर एका वाक्यात लिहा. 'चार्ट चांगला दिसला की घ्यायचा' हा नियम नव्हे. 'क्लोज (बाजार बंद होतानाचा भाव) २०० दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचा, खाली आला की विकायचा' हा नियम. एक्सेल की पायथन, यावर वाद घालत बसू नका. जे येतं त्यात करा.

एनएसईची भावकॉपी, म्हणजे शेअर बाजाराची रोजच्या भावांची फाईल, फुकट मिळते, पण त्यात बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) यांचा हिशेब केलेला नसतो. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा भाव रातोरात निम्मा झाला. प्रोग्रॅमला ती पडझड वाटते आणि तो मुकाट्याने विकून मोकळा होतो. जुने भाव आधी दुरुस्त करून घ्या.

आता बॅकटेस्ट, म्हणजे नियम जुन्या भावांवर चालवून बघणं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि यूट्यूबवरचे गुरू नेमकं हेच दोन मिनिटांत उरकतात. सोमवारी क्लोज १०२, सरासरी १००, घेण्याचा सिग्नल आला. शीटमध्ये खरेदी त्याच ओळीत, १०२ ला धरलेली असते. अहो, क्लोज कळला तेव्हा बाजार बंद झालेला होता! खरेदी होणार मंगळवारी सव्वानऊनंतर, तेव्हा ओपन (बाजार उघडतानाचा भाव) १०५ असेल तर १०५ लाच. म्हणून सिग्नलचा कॉलम एक ओळ खाली सरकवा आणि खरेदी-विक्री त्या ओळीतल्या, म्हणजे पुढच्या दिवसाच्या, ओपनला धरा. विक्रीचंही तसंच: स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकण्याचा ठरवलेला भाव) ९५ चा आणि शेअर उघडला ९० ला, तर हातात ९०च पडतात. एवढं केल्यावर बहुतेक 'जबरदस्त' स्ट्रॅटेजींची हवा निघते. निघू द्या. आकडे पुन्हा गोंडस दिसावेत म्हणून २०० चे १८७ दिवस करू नका. ती जुन्या भावांची घोकंपट्टी झाली.

दुसरी खोड याहून छुपी. निफ्टी ५० या एनएसईच्या निर्देशांकातल्या ५० शेअर्सची आजची यादी घेऊन २०१६ पासून तपासलंत, तर येस बँक त्यात नसतेच, कारण ती मार्च २०२० मध्ये निर्देशांकातून बाहेर गेली. यादीत टिकून उरलेल्यांवर कोणीही जिंकेल. त्या त्या वर्षाची यादी वापरा.

खर्च वजा करा: डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन ठेवताना) एसटीटी हा सौद्यावरचा करच घेताना ०.१ टक्का, विकताना ०.१ टक्का, शिवाय स्टॅम्प ड्युटी, ब्रोकरेज, डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर विकतानाचं शुल्क).

प्रत्यक्ष सुरुवात थोड्या पैशांनी. सव्वानऊला तुम्ही दादरच्या पुलावर गर्दीत असणार, तेव्हा ऑर्डर रात्रीच एएमओ (बाजार बंद असताना टाकून ठेवायची ऑर्डर) म्हणून टाका. एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅम थेट ब्रोकरला जोडून, आपोआप ऑर्डर टाकण्याचा मोह काही महिने आवरा.

आणि दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांचा तो एक तास विसरू नका. २०२५ मध्ये तो दुपारी होता, आणि १ फेब्रुवारी २०२५ ला तर अर्थसंकल्पामुळे शनिवारीही बाजार चालू होता. अशा दिवशी प्रोग्रॅम चालवायचा की नाही, हे आजच नियमात लिहून टाका.