उपवासकाळातलं दान आणि क्षमा : प्रत्यक्षात कसं करायचं

ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस. प्रार्थना, उपवास आणि दान ही या काळाची तीन कामं दरवर्षी वेदीवरून सांगितली जातात. दान किती करायचं, कोणत्या पैशातून, कोणाच्या हाती द्यायचं, आणि क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. हे टिपण त्यासाठी आहे. श्रद्धा नसलेल्यांनाही यातलं जवळजवळ सगळं करता येतं. ते का, ते पुढे सांगितलं आहे.

आधी देणी, मग दान

पहिल्याच दिवशी एका कागदावर देणी लिहून काढा. घरकामाला येणाऱ्या बाईंचा थकलेला पगार, वाण्याची उधारी, आईवडिलांची औषधं, कोणाकडून हातउसने घेतलेले पैसे. हे फेडणं म्हणजे दान नव्हे, ते चुकतं करणं आहे. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू नेमक्या याच चलाखीवर कडाडतो: आईबापांना द्यायचा पैसा देवाला वाहिला असं जाहीर करून लोक हात झटकत होते. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानेही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. चौपट परत केलेलं त्याने दानात मोजलं नाही.

कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर दान करू नका. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहितो की जवळ असेल त्या मानाने द्या, नसेल त्या मानाने नव्हे.

उपवासातून रक्कम काढणं

उपवासाचे वाचलेले पैसे गरिबांना द्यायचे, ही ख्रिस्ती परंपरेतली फार जुनी रीत आहे. ती पाळली नाही तर उपवास म्हणजे नुसतं पथ्य उरतं. हिशेब सोपा आहे. समजा, शुक्रवारी चौघांच्या घरात मटणाच्या जेवणाला ४०० रुपये लागतात आणि त्याऐवजी वरण-भात-भाजीला १२० लागले, तर २८० रुपये त्याच संध्याकाळी दानासाठी ठेवलेल्या पाकिटात टाका. महिनाअखेरीला एकदम काढू म्हटलं की ते पैसे घरखर्चात विरघळतात. राखेच्या बुधवारनंतरचा पहिला शुक्रवार ते उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), असे सात शुक्रवार येतात. सात गुणिले २८०, म्हणजे १,९६० रुपये.

चुकतं कुठे, तर मटण बंद आणि सुरमई सुरू. कॅथलिक नियमाने मासे चालतात, त्यामुळे नियम मोडत नाही. पण सुरमईचा भाव पाहता पाकिटात काहीच पडत नाही. मधुमेही, गरोदर आणि आजारी माणसांनी जेवण टाळू नये. त्यांनी बाहेरचा चहा, रिक्षा किंवा एखादी खरेदी टाळून तेवढी रक्कम टाकावी.

देण्याची रीत

डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. त्याचा अर्थ फोटो नाही, स्टेटस नाही, चर्चच्या फलकावर नाव नाही. पावती नाही, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. संस्थेला देत असाल तर पावती जरूर घ्या, आणि करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांहून मोठी रक्कम रोखीने देऊ नका, कारण तिच्यावर वजावट मिळत नाही. गुप्तता लोकांपासून ठेवायची, हिशेबापासून नाही. यरुशलेममधल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने सोबत मंडळ्यांची माणसं घेतली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. आजही दानाची पेटी उघडताना दोघं हवेतच.

थेट घरी मदत पोचवायची असेल तर संत विन्सेंट दि पॉल संस्थेची पद्धत उचलावी. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे सभासद दोघादोघांनी घरी जातात, बसतात, ऐकतात आणि तिथलं बोलणं बाहेर नेत नाहीत. जाण्याआधी विचारा: "सध्या कशाची नड आहे?" रेशनचा तांदूळ ज्या घरात आहे तिथे आणखी वीस किलो तांदूळ टाकून उपयोग नाही, त्यांना कदाचित इन्सुलिन हवं असेल, किंवा थकलेलं वीजबिल भरायचं असेल. विटके, फाटके कपडे देऊ नका. आणि मदतीला कसलीही अट जोडू नका. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) या, प्रार्थनेला बसा, अमुक सभेला हजर राहा, असं काही म्हटलंत की तो सौदा झाला. ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांनाच जेवायला बोलवा, असं लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. तिथे परतफेड पैशांचीच असते असं नाही. हजेरी हीसुद्धा परतफेडच.

किती गुंतायचं हेही ठरवावं लागतं. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला खाणावळीत नेलं, दोन दीनार दिले, जास्त लागलं तर परतताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. प्रवास त्याने सोडला नाही. पण परत येण्याचा शब्द देऊन गेला. एका कुटुंबाचा सहा महिन्यांचा औषधखर्च उचलणं हे वीस कुटुंबांना एकदाच पिशवी देण्यापेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडतं.

क्षमा: आधी एक वाक्य लिहा

क्षमा अडते ती मोघमपणामुळे. "त्याने माझं वाटोळं केलं" याला क्षमा करता येत नाही, कारण त्यात काय सोडायचं तेच कळत नाही. म्हणून कोणी, काय, किती, एवढंच एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: "बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बिलातले भावाच्या वाट्याचे साठ हजार, ठरलं असूनही त्याने दिले नाहीत." आता त्याखाली दोन रकाने करा. सोडायचं काय: बदला घेणं, चारचौघांत त्याची अब्रू काढणं, त्याचं वाईट व्हावं ही इच्छा. न सोडायचं काय: स्वतःची सुरक्षितता, दुसऱ्या कोणाचा हक्क, कायद्याचं काम. साठ हजार कोणत्या रकान्यात टाकायचे, ते तुम्ही ठरवायचं. मागायचे असतील तर सरळ मागा. मागणं म्हणजे आकस नव्हे. सोडायचे असतील तर पूर्ण सोडा आणि पुतणीच्या लग्नात तो विषय काढू नका. वाईट तिसरी वाट: पैसे सोडले म्हणायचं आणि दर सणाला टोमणा मारायचा.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला इथे नीट वाचावा: राजाने ज्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, तोच चाकर सोबतच्या चाकराला शंभर दीनार सोडत नाही. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. पाचशे रुपये रोज धरला तर पन्नास हजार. दुखावलेल्याचं नुकसान किरकोळ आहे, असं हा दाखला म्हणत नाही. तो दुसरा आकडा समोर ठेवतो: त्याच चाकराला माफ झालेले दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कोणाच्याही हयातीत न फिटणारी. ख्रिस्ती माणूस क्षमा करतो तो या मापाने: आपल्याला जे सुटलं, त्यातलं थोडं पुढे सोडायचं.

यानंतर भेट. त्याच अध्यायातला क्रम पाळा: आधी दोघांतच बोला, न जमल्यास एकदोघांना घेऊन जा, मगच मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. पहिल्यांदा गावाला कळतं आणि शेवटी भावाला. ज्याने चूक कबूल केलेली नाही त्याला "मी तुला माफ केलं" म्हणू नका, त्याला तो आरोपच वाटतो. "त्या पैशांचं मनात होतं, आता ते सोडतोय. घरी ये." एवढं पुरतं. आपणच माफी मागायची असेल तेव्हा "तुला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द गाळा, काय केलं ते सांगा आणि भरपाई करा.

राग परत येणार. किती वेळा क्षमा करायची, यावर येशूने सांगितलेला साताच्या सत्तर पट हा आकडा बहुधा त्याच एका घटनेला आधी लागू पडतो. सोडलेलं पुन्हा मनात उचललं जातं, पुन्हा सोडावं लागतं. मध्य प्रदेशात भूमिहीनांसाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ साली खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती २००२ साली. मध्ये सात वर्षं गेली.

जिथे क्षमेचा आग्रह धरायचा नाही

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांचा छळ. अशा वेळी पीडितेला "ख्रिस्ती आहेस, माफ कर" म्हणणं हा दुसरा अन्याय आहे. तिला आणि अत्याचार करणाऱ्याला समेटासाठी एका खोलीत बसवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पातळीवर, मिटवण्याचा तो विषयच नाही. हेल्पलाइन: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. क्षमा आणि खटला एकत्र चालू शकतात. १९९९ साली ओडिशात पती आणि दोन मुलं जाळली गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली, खटला चालला आणि शिक्षाही झाली.

श्रद्धा लागते का?

परोपकाराला नाही. येशूने नमुना म्हणून निवडलेला माणूस शोमरोनी होता, श्रोत्यांच्या लेखी चुकीच्या धर्माचा. त्याच दाखल्यात याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) जखमीच्या बाजूने निघून गेले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्यांना जेवू घालणाऱ्यांना ते कोणासाठी करत होते हेच माहीत नव्हतं. आपल्या मराठी मातीत बुद्धिवादी सुधारक गोपाळ गणेश आगरकर आहेत, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सगळा वेळ परहितासाठी देणार, असं आईला कळवणारे. र. धों. कर्वे आहेत, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र त्यांनी पदरमोड करून काढलं, आणि त्यामागे कुठल्याही स्वर्गाची आशा नव्हती. उलट श्रद्धाळूला एक जास्तीचा धोका असतो, पुण्य साठवण्याचा. प्रीती नसेल तर सर्वस्व वाटूनही लाभ नाही, हे पौलाने श्रद्धाळूंनाच लिहिलं.

श्रद्धेने फरक पडतो तो वैऱ्याच्या बाबतीत. पश्चात्ताप न केलेल्याचं भलं चिंतण्याला व्यवहारात कारण सापडत नाही. ख्रिस्ती माणसाकडे ते सहा कोटी दिवसांचं कारण आहे, आणि रोज नाव घेऊन प्रार्थना करण्याची सवय आहे. श्रद्धा नसलेल्याने त्या जागी दुसरा नेम धरावा: त्या माणसाबद्दल तिसऱ्याशी वाईट बोलायचं नाही, चाळीस दिवस. अवघड तेवढंच आहे.

म्हणून दानाच्या गटात दोघांनाही घ्या. सुरुवातीची प्रार्थना ज्याला हवी त्याने करावी, पाकिटावर वचन छापू नये. ईस्टरनंतरच्या आठवड्यात पेटी उघडा, दोघांनी मोजा, आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि महिन्याच्या आत सगळी रक्कम वाटून टाका. पुढच्या वर्षासाठी शिल्लक ठेवू नका.