ऐकायला सेम, स्पेलिंग वेगळं: इंग्रजीतल्या या जोड्या कशा बसवायच्या

स्टाफ सिलेक्शनची तयारी सुरू करणाऱ्या आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या पोरापोरींसाठी लिहितोय. सीजीएलच्या (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 मार्क, चुकलं की अर्धा मार्क जातो, आणि घरात अहिराणी, शाळेत मराठी बोलत वाढलेला माणूस सवयीने कानावर विसंबतो, पण ब्रेक, साइट, प्रिन्सिपल असले शब्द आले की कानाचा काहीच उपयोग नसतो.

मराठी आपण बरीचशी बोलतो तशीच लिहितो, इंग्रजीचं तसं नाही. नाइट म्हणजे रात्र आणि नाइट म्हणजे सरदार, दुसऱ्याच्या पुढे जो 'के' आहे तो जुन्या काळी खरंच उच्चारायचे. मीट म्हणजे भेटणं आणि मीट म्हणजे मटण, यांचेही उच्चार आधी वेगळे होते. साधारण 1400 ते 1700 मधे स्वर बदलत गेले, पण 1476 ला इंग्लंडात छपाई आली होती, मग स्पेलिंग बरीचशी जुन्या उच्चाराजवळच राहिली. हे कळलं तेव्हापासून मी नुसत्या याद्या पाठ करणं सोडलं आणि शब्दाचे नातेवाईक शोधायला लागलो.

साइट म्हणजे जागा असेल तर ती सिच्युएशनच्या घरातली, एस-आय-टी-ई. दाखला देणं असेल तर सायटेशनवाली, म्हणून सी ने सुरू. नजर असेल तर लाइटसारखं मधे जी-एच. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणं, म्हणून मोडायचा ब्रेक बी-आर-ई-ए-के, आणि गाडीचा बी-आर-ए-के-ई (हा गॅरेजच्या पाट्या बघून अजिबात शिकू नका).

प्रिन्सिपलसाठी क्लासमधे 'प्राचार्य आपला पॅल म्हणजे मित्र, म्हणून शेवटी पी-ए-एल' ही युक्ती सांगतात, मला ती अपुरी वाटते, कारण कर्जाची मुद्दलसुद्धा ए-एल वालीच आहे. त्यापेक्षा 'मुख्य' हा अर्थ धरा, कॉलेजचा मुख्य माणूस, कर्जातली मुख्य रक्कम. तत्त्व असेल तर एल-ई.

अजून एक, दारूची वाइन डब्ल्यू ने आणि वेल या अर्थाची वाइन व्ही ने, इंग्रजीत यांचे उच्चार वेगळेच आहेत, आपण दोन्हीला 'व'च म्हणतो म्हणून घोळ होतो. असे शब्द वेगळ्या पानावर लिहून काढा.

सरावाला अभ्यासिकेतल्या पार्टनरला पूर्ण वाक्य वाचायला सांगा, सुटा शब्द नको, कारण दोघांतला कोणता ते वाक्यच सांगतं. 'इट्स' आलं तर तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून बघा, बसलं तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्यायची, नाही बसलं तर नाही द्यायची.