रूळ दुपारी तपासा: अंगणातल्या छोट्या लाइनीचा अनुभव

पितृपक्ष संपत आला की ग्वाल्हेरात जमीन हात लावण्याजोगी होते. माती ओलसर असते पण चिखल नसतो, ऊन सकाळी कोवळं असतं, आणि दिवाळीपर्यंत अंगणातल्या रुळांवर आपली छोटी मॉडेल रेल्वेगाडी फिरली पाहिजे हे मनानं घेतलेलं असतं. नवीन माणूस याच घाईत फसतो. मी फसले, आणि त्यात माझा जवळजवळ अख्खा अश्विन गेला.

गेज (दोन रुळांमधलं अंतर), त्रिज्या, चढ ही बाराखडी तुम्हाला येत असेल, म्हणून माझं मोजमाप थोडक्यात सांगते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात लंबगोल लाइन आहे. दोन सरळ भाग सहा-सहा मीटरचे, वळणांची त्रिज्या दीड मीटर. नमुना अर्थातच आपली छोटी लाइन, ग्वाल्हेर–श्योपूर. तिचं गेज ६१० मिमी, म्हणजे दोन फूट. खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये १६ मिमी हे प्रमाण धरलं की ते बरोबर ३२ मिमी होतं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर २८ मिमी. रूळ म्हणजे १० बाय ३ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी, सागवानी स्लीपरांच्या (रुळांखालच्या आडव्या लाकडांच्या) खाचेत कडेवर उभी केलेली. स्लीपर सुताराकडच्या तुकड्यांचे, जवसाच्या तेलात मुरवलेले; तरी वाळवीसाठी दर पंधरवड्याला एखादा उचलून खालून बघावाच लागतो.

१९०९ साली श्योपूरला पोचलेली ही जवळजवळ दोनशे किलोमीटरची लाइन २०२० मध्ये बंद पडली. बाबांनी मला लहानपणी याच गाडीनं घोसीपुरा स्टेशनावरून जौऱ्यापर्यंत नेलं होतं. बाहेरचे पाहुणे जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी बघायला जातात. मला मात्र ती टपावर माणसं बसलेली, शेताच्या कडेनं सायकलच्या वेगानं जाणारी गाडी हवी होती. म्हणून विकत काही आणलं नाही, सगळं हातानं केलं.

आता ती चूक.

ओळखीतल्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, “वळणं सिमेंटात पक्की करा, म्हणजे कायमची कटकट मिटेल.” खुर्चीत बसून सांगितलं. तेव्हापासून माझं मत झालंय, की जो गुडघे टेकून तुमच्या रुळाला हात लावत नाही, त्याचा सल्ला घेऊ नये, मग त्याचा अनुभव कितीही मोठा असो. मी मात्र ऐकलं. सकाळी सात वाजता, गारव्यात, रुळाला रूळ अगदी चिकटवून जोडला आणि दोन्ही टोकांची वळणं सिमेंटात बसवली.

दुपारी एक वाजता सरळ भागाच्या मधोमध रूळ बोटभर बाहेर आला होता. गाडी तिथंच घसरली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोरी ताणून बघत बसले, तर रूळ जवळजवळ सरळ! त्यामुळे दोष चाकांचा वाटला. खरादवाल्याकडून (लेथवर धातू कातणाऱ्याकडून) चाकं पुन्हा कातून घेतली. मग स्लीपर बदलले. मग डब्यांत वजन भरलं. आठ दिवस रोज संध्याकाळी तपासायचे, आणि संध्याकाळी सगळं ठीक असायचं. एकदा तर सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. तो आठवडा आठवला की अजून घशाशी येतं.

शेवटी खरादवालाच एकदा दुपारी चाकं द्यायला आला, खाली बसला, रुळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “दीदी, ये तो तप रहा है!”

हिशेब सोपा आहे, पण तो आधी करायला हवा. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं. सकाळी वीस अंशांवर असलेली पट्टी दुपारच्या उन्हात पन्नासला गेली, तर सहा मीटरला चार मिमी वाढ. चार मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दोन्ही टोकं जखडलेली असली, की ती वाढ लांबीत मावत नाही, आडवी बाहेर पडते. आणि आडवा फुगवटा वाढीच्या कितीतरी पट असतो. शरदात हे विशेष, कारण रात्र गार आणि दुपार कडक. खऱ्या रेल्वेतसुद्धा कडक उन्हात रुळांवर गस्त घालतात, ती याचसाठी.

म्हणून रूळ मीटर-मीटरचे घ्या, फिशप्लेटचं (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचं) एक छिद्र लांबट करा, आणि सांधा मोकळा ठेवा. सकाळी जोडत असाल तर फट ०.९ मिमी, माझ्याकडची तीन व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरली की तेवढं होतं. भर दुपारी जोडत असाल तर एक कार्ड पुरे, तेही मे महिन्यातल्या जास्तीच्या उन्हासाठी. वळणं बारीक गिट्टीवर तरंगती ठेवा; ती थोडी बाहेर सरकतात आणि रात्री परत येतात. तपासणी दुपारी दीडला करा. संध्याकाळच्या तपासणीवर अजिबात विश्वास ठेवू नका.

रात्री सांधे उघडतात आणि चाकं खटक-खटक वाजतात, त्याची भीती बाळगू नका. कोजागिरीला आटवलेलं दूध पिता पिता बाबा तोच आवाज ऐकत बसतात.

बाकी शरदाच्या अडचणी किरकोळ आहेत. प्राजक्ताचा सडा रुळावर पडतो. फुलं चाकाखाली चिरडली की इंजिन जागच्या जागी फिरतं, म्हणून सकाळी केरसुणी फिरवा. दवानं विजेची जोडणी बिघडते, म्हणून मी बॅटरी इंजिनातच ठेवली. चाकं थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकची छापून घेण्याचा मोह आवरा. वजन नसलेली गाडी कधीच नीट चालत नाही.

आणि सिमेंट आधीच ओतून बसला असाल, तर सगळं उखडू नका. मीही उखडलं नाही. सरळ भागाचा रूळ मीटर-मीटरवर करवतीनं कापला, सांधे मोकळे केले, आणि वळणाच्या दोन्ही तोंडांकडचं वीतभर सिमेंट छिन्नीनं काढून तिथं गिट्टी भरली. दोन दुपारी लागल्या. यंदा त्या लाइनीचा चौथा शरद आहे.