लॅव्हेंडर आणि पुदिना लावण्याआधी

रोपं घरी आणण्याआधी एक अख्खा दिवस उन्हासाठी राखून ठेवा. सकाळी, भर दुपारी आणि ऊन कलल्यावर बागेत किंवा बाल्कनीत चक्कर मारायची आणि कोणत्या कोपऱ्यात किती वेळ थेट ऊन पडतं, ते लिहून ठेवायचं. लॅव्हेंडरला किमान सहा तास ऊन लागतं, आठ मिळाले तर आणखी चांगलं. पुदिन्याला सकाळचं तीन-चार तासांचं ऊन पुरतं, आणि दुपारी सावली मिळाली तर तो जास्त टवटवीत राहतो. म्हणजे जागा दोन हव्यात. एकच कोपरा हाताशी असेल तर दोघांपैकी एकालाच निवडा, असं मी मनापासून सांगेन.

हे ठासून सांगण्याचं कारण असं की ही दोन्ही झाडं तुळशीच्या कुळातली आहेत. देठ बोटांत फिरवून बघा, दोघांचेही चौकोनी लागतात. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि चुरगळली की वास दरवळतो. साहजिकच नवशिक्याला वाटतं, भावंडं आहेत, शेजारी शेजारी लावू, एकाच झारीनं पाणी घालू. मीही एका लांबट कुंडीत दोघांना एकत्र लावलं होतं. पुदिना फोफावला आणि लॅव्हेंडर खालून करपत गेलं. पानं सुकलेली दिसली म्हणून मी आणखी पाणी घातलं. उपटून पाहिलं तेव्हा मुळं काळी, मऊ झाली होती. मूळकुजीत झाड अगदी तहानलेल्यासारखंच दिसतं, कारण कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. तेव्हापासून माझ्या तयारीत कुळाच्या आधी मूळ ठिकाण येतं. लॅव्हेंडर भूमध्य सागराभोवतालच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. पुदिन्याच्या बहुतेक जाती ओढ्याकाठच्या, ओलसर जमिनीतल्या. पुढची सगळी यादी या एका फरकातून निघते.

आता माती. जमिनीत लावणार असाल तर आधी निचरा तपासा. साधारण 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं, तर ती जागा लॅव्हेंडरची नाही. त्याला तिथेच लावायचं असेल तर माती, जाड वाळू आणि बारीक खडी मिसळून एक वीतभर उंच वाफा करा आणि त्यावर लावा. वाळू जाडच हवी. चिकण मातीत थोडी बारीक वाळू मिसळली तर माती मोकळी होण्याऐवजी घट्ट बसते. समुद्रकाठची वाळू तर नकोच, तिच्यात मीठ असतं. कुंडीसाठी मी दोन भाग माती आणि एक भाग जाड वाळू घेते, खत जवळजवळ नाहीच. मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप) 6.5 ते 7.5 असला तर लॅव्हेंडर खूश असतं. माती आम्लधर्मी निघाली तर थोडा बागकामाचा चुना मिसळावा, पण सामू मोजल्याशिवाय चुन्याला हात लावू नका.

पुदिन्याची माती नेमकी उलटी. अर्धी माती, अर्धं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, जोडीला ओल धरणारं थोडं कोकोपीट. सामू 6 ते 7 च्या दरम्यान चालतो.

कुंड्या निवडताना रंगापेक्षा तिचं काम पाहा. लॅव्हेंडरला न रंगवलेली मातीची कुंडी द्या, तिच्या भिंतीतूनही ओल उडून जाते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटरच मोठी असावी. मोठ्या कुंडीत छोटं रोप लावलं की मुळं न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. तळाला खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, ही समजूत फार पसरलेली आहे, पण पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, त्या थराच्या वरच अडून राहतं. खडी मातीत मिसळा, तळाशी भोक मोकळं ठेवा. पुदिन्यासाठी प्लास्टिकची, पसरट, निदान 30 सेंटिमीटर रुंद कुंडी उत्तम. जमिनीत लावायचा हट्ट असेल तर तळ कापलेली बादली आधीच पुरून ठेवा आणि तिचा काठ मातीच्या वर चार-पाच सेंटिमीटर राहू द्या. पुदिन्याचे धावते देठ जमिनीखालून आणि वरूनही पसरतात, एकदा शेजारच्या वाफ्यात शिरले की प्रत्येक तुकड्यातून नवं रोप उभं राहतं. काठावरून बाहेर डोकावणारे देठ दर पंधरवड्याला कापावे लागतील, हेही तयारीतच धरा.

रोपं कुठून आणायची? दोन्हीकडे बियांपेक्षा फांदी बरी. लॅव्हेंडरचं बी सावकाश उगवतं, बऱ्याचदा आधी काही आठवडे थंडावा द्यावा लागतो. त्याऐवजी फूल नसलेली आठ-दहा सेंटिमीटरची कोवळी फांदी घ्या, खालची पानं काढा आणि वाळूमिश्रित मातीत खोचा. महिना-दीड महिना धीर धरावा लागतो. पुदिन्याची काडी ग्लासभर पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत पेरांतून मुळं फुटतात, ते पाहताना मला अजूनही तितकाच आनंद होतो. पेपरमिंट हा पुदिन्याचा प्रकार तर संकरित आणि वंध्य आहे, तो काडीनंच वाढवायचा.

धारदार कात्री दोघांसाठी हवी, वापर मात्र वेगळा. पुदिना जमिनीजवळ कापला तरी पुन्हा फुटतो. लॅव्हेंडर फुलं ओसरल्यावर फक्त हिरव्या भागातच छाटायचं. खालच्या जुन्या, लाकडासारख्या भागापर्यंत कापलं तर तिथून सहसा धुमारे येत नाहीत. पुदिन्यावर कधी तांबेरा हा बुरशीचा रोग येतो, म्हणून पाणी पानांवर न ओतता मुळाशी द्या.

लावणीसाठी सतत पावसाचे किंवा कडक गोठवणाऱ्या थंडीचे दिवस टाळा. दोन लॅव्हेंडरमध्ये हवा खेळण्यापुरतं अंतर सोडा, 45 ते 60 सेंटिमीटर. खोडाभोवती कुजलेल्या पाल्याचं आच्छादन न घालता खडी पसरा. लावल्या दिवशी पाणी दोघांनाही भरपूर द्यायचं, आणि पहिले काही आठवडे लॅव्हेंडरलाही विसरायचं नाही, मुळं रुजायची असतात. त्यानंतर बोट मातीत खुपसून बघायचं. पुदिन्याची माती वरवर कोरडी लागली की लगेच पाणी. लॅव्हेंडरच्या मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागेपर्यंत झारी खालीच ठेवायची.