खाणीच्या डंपवर कुठलं रान आणायचं? नमुना-रान निवडायची रीत

गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. त्या उपशाचे लाल डोंगर, म्हणजे डंप, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत उभे आहेत. बऱ्याच डंपवर नुसती ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली दिसते. लांबून हिरवंगार, खाली शिरून पाहिलं तर पायाखाली वाळक्या पानांचा जाड थर आणि देशी रोप क्वचितच. रोपवाटिकेत जे मिळालं ते लावलं की असं होतं. आधी ठरवायचं ते हे, की या जागी काय उभं राहू शकतं. त्यासाठी जवळचं जे जिवंत, मोजता येणारं उदाहरण घ्यायचं, ती संदर्भ परिसंस्था. सोयीसाठी नमुना-रान म्हणू.

सुरुवात खाणीचे तुकडे पाडून करा. डंपचा उतार, त्याचा सपाट माथा, खड्ड्याच्या पायऱ्या, खड्ड्याचा तळ आणि न खोदलेली कड या पाच वेगळ्या जमिनी आहेत. प्रत्येकीला आपलं नमुना-रान लागतं. डंपची माती खोलातून वर आलेली असते. तिच्यात बियाणं नाही, मुळं नाहीत, कुजलेला पाला नाही. त्यामुळे ‘इथे पूर्वी जे होतं तेच’ हे उत्तर फक्त न खोदलेल्या कडेला लागू पडतं.

तिथे पूर्वी काय होतं ते शोधायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे जुने नकाशे आणि १९९५ मध्ये खुली झालेली कोरोना या अमेरिकी हेर-उपग्रहाची १९६०च्या दशकातली छायाचित्रं उपयोगी पडतात. गावातल्या म्हाताऱ्यांना ‘जंगल होतं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. गुरं कुठे चरायची, घराचे वासे कुठून यायचे, एप्रिलमध्ये कुठल्या झरीला पाणी असायचं, हे विचारा.

सड्याबाबत, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराबाबत, सर्वांत जास्त घोळ होतो. मे महिन्यात जांभ्याचा कातळ काळा, करपलेला दिसतो आणि कागदावर ‘पडीक’ म्हणून लागतो. तोच सप्टेंबरात पाहा: खळग्यात साचलेल्या बोटभर पाण्याच्या कडेने गेंदाची पांढरी बोंडं, मधे सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, थोड्या मातीवर पिवळा कवला. खाणीच्या कडेला असा सडा शिल्लक असेल तर त्याला सडाच नमुना. तिथे खड्डे फोडून झाडं लावणं हे नुकसानच. उलट डंपवर सडा आणायचा हट्टही धरू नये. तो अखंड कातळ सैल भरावातून परत बनत नाही.

डंपच्या उताराला नमुना म्हणून बरेच जण देवराई दाखवतात. तिथली सावली आणि ओल मागणारी रोपं उघड्या, तापलेल्या उतारावर पहिल्याच उन्हाळ्यात जळतात. देवराई ५० वर्षांनंतरचं टोक म्हणून ठेवा. पुढच्या १०-२० वर्षांचा नमुना पाहायचा तर सोडून दिलेली कुमेरीची (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची) रानं, जुन्या चिरेखाणी, रस्त्याचे जुने काप पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखाणींच्या ८८ लीज रद्द केल्यावर ज्या उतारांना कुणी हात लावलेला नाही, तेही बघा. धायटी, चांदाडा, कुडा यांपैकी काय आपोआप रुजलंय, ते लिहून घ्या. पहिली लावणी त्यातून ठरते. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा त्यामागून.

प्रत्येक तुकड्यासाठी किमान तीन, जमल्यास पाच जागा घ्या. आमचा ठोकताळा: १५ किलोमीटरच्या आत, उंचीत १०० मीटरपेक्षा जास्त फरक नको, उतार आणि त्याची दिशा सारखी. पश्चिमेचा उतार पावसाचा मारा थेट खातो, म्हणून पूर्वेकडचं रान त्याला चालणार नाही. वणवा, तोड, चराई किती आहे ते नोंदवा. जास्त असेल तर ती जागा सोडा.

मोजणी अशी: झाडांसाठी २० × २० मीटरचे चौकोन, झुडपांना ५ × ५, गवत-वनस्पतींना १ × १. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. शेवटच्या तीन चौकोनांत मिळून एखादीच नवी जात सापडली तर थांबा. सप्टेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्या हव्यातच. एकाच फेरीत अर्धी यादी निसटते. माती ०-१५ आणि १५-३० सेंटिमीटर अशी वेगवेगळी घ्या आणि पाणी मुरण्याचा वेग दुहेरी कड्यांनी (जमिनीत एकात एक रोवलेल्या दोन कड्यांत पाणी ओतून) मोजा. भरावाची माती डंपरच्या चाकांखाली दाबली गेलेली असेल तर इथेच कळतं. अशी जमीन आधी खोल फोडावी लागते, नाहीतर मुळं आडवी पसरतात आणि झाड वाऱ्याने पडतं.

आकडे आले की सरासरी काढून मोकळे होऊ नका. समजा पाच जागांवर झाडांच्या छत्राची सावली ५५, ६०, ६२, ७० आणि ८५ टक्के आहे. मग लक्ष्य ‘५५ ते ७०’ लिहा, आणि ८५ का आली ते त्या जागी जाऊन बघा. बहुतेक वेळा तिथे एखादी झर निघते. नमुना-रानंही बदलतात, म्हणून चौकोनांच्या कोपऱ्यांवर दगड रोवा, जीपीएस नोंदवा आणि दर पाच वर्षांनी त्याच महिन्यात ती पुन्हा मोजा.