घाटमाथ्यावर शिकारी पक्षी मोजताना : नव्याने येणाऱ्या मुलांसाठी

माघ सरत आला की विद्यार्थ्यांची विचारणा सुरू होते, "मॅडम, यंदा मोजणीला आम्ही येऊ का?" विचारणारी बहुतेक मुलं प्राणिशास्त्राची असतात. काहींनी वेळासला कासवांच्या कामात हातभार लावलेला असतो, काहींनी बातुमीचे व्हिडिओ बघितलेले असतात. बातुमी जॉर्जियात आहे. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर, आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून एका शरद ऋतूत दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. वसंतात असाच लोंढा इस्राएलच्या दक्षिण टोकाला, एइलातच्या डोंगरांवरून जातो, कारण आफ्रिकेतून आशियात आणि युरोपात शिरायला तिथे जमिनीचा चिंचोळा पूल आहे. कोकणातून येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते की आपल्याकडे तसं काही नाही. आपल्या देशात हिवाळा काढून उत्तरेला निघालेले पक्षी अख्ख्या दख्खनवर आणि किनाऱ्यावर पसरून जातात, त्यांना एका दारातून जायची सक्ती नाही. घाटमाथ्यावर तासाला चार पक्षी मिळाले तर तो चांगला तास. एकही न मिळणारे तासही भरपूर असतात.

मग मोजायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी डोंगर समजून घ्या.

सह्याद्रीचा कडा दक्षिणोत्तर पसरलाय. त्याच्या पायाशी कोकण, माथ्यावर देश. सकाळी ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर पडतं, त्यामुळे तिथली हवा आधी तापून वर चढते. कोकणाकडचा उभा कडा तोवर सावलीतच असतो. पुढे ऊन डोक्यावर येतं, समुद्रावरचा वारा आत शिरतो, कड्यावर आपटतो आणि सरळ वर उठतो. पंख न हलवता उंची मिळवणाऱ्या पक्ष्यांना हे आयतंच. म्हणून नऊ-दहाच्या सुमारास जाणारे पक्षी बरेचदा तुमच्या पाठीमागून, देशाच्या अंगाने जातात आणि दुपारचे समोरून, कड्याच्या धारेवरून. दोन माणसं असतील तर सकाळी एकाने पूर्वेकडे तोंड करून बसावं. पश्चिमेकडे बघणाऱ्याच्या डावीकडे दक्षिण, उजवीकडे उत्तर, म्हणजे वसंतातला प्रवासी साधारणपणे डावीकडून उजवीकडे जायला हवा. दुपारनंतर सूर्य समोर येतो. तेव्हा जागा थोडी बदला, पण दुर्बीण सूर्याच्या जवळपासही नेऊ नका, क्षणभरसुद्धा नाही.

आता खरी कसोटी. शरद ऋतूत आलेला पाहुणा ओळखणं तुलनेने सोपं, कारण त्या वेळी घरची माणसं शांत असतात. वसंतात मात्र घरचीच लग्नसराई चालू असते. फाल्गुन-चैत्रात सर्पगरुडांच्या जोड्या शिट्ट्या घालत दरीवर घिरट्या मारतात. मधुबाज उंचावर जाऊन दोन्ही पंख पाठीवर उचलतो, ते तसेच थरथरवतो, पुन्हा सरळ होतो आणि पुन्हा तेच करतो. काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ पोट घासत, कमालीच्या सावकाशीने उतारावरून फिरतो. मोरघार, शिक्रा, घारी हे सगळे आपापल्या हद्दीत असतात. आकाशात दिसलेला प्रत्येक शिकारी पक्षी 'स्थलांतरित' म्हणून लिहिलात तर दिवसअखेर कागद भरलेला असेल, आणि त्याचा कुणालाही उपयोग नसेल.

म्हणून आमच्या तक्त्यात दोन वेगळे रकाने आहेत, 'स्थानिक' आणि 'जाणारा'. 'जाणारा' लिहायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्याने दिशा धरलेली हवी. वाटेत तो शिकारीला खाली येता कामा नये. आणि आपण ठरवलेली रेघ ओलांडून तो नजरेआड व्हायला हवा, परत यायला नको. रेघ म्हणजे समोरचा एखादा सुळका आणि पलीकडच्या सोंडेवरचं एखादं झाड यांना जोडणारी मनातली रेषा. ती पहिल्या दिवशी ठरवायची, वहीत तिचं चित्र काढायचं आणि हंगामभर बदलायची नाही.

दलदल भोवत्याचं उदाहरण घ्या. थंडीत तो आपल्या सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारांवर, आणि खाडीकाठच्या शेतांवर असतो. शिकार करणारा भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून वाकडातिकडा जातो, मान खाली, मध्येच गर्रकन वळून झेप घेतो. निघालेला भोवत्या वेगळाच दिसतो. आंबा घाटाच्या वरच्या अंगाला एका सकाळी तो आम्हाला नीट बघायला मिळाला. दरीतून गोल फिरत वर आला, पंख थोडे वर उचललेले, उथळ 'व्ही'सारखे. आमच्या डोळ्यांच्या पातळीला आला तेव्हा डोक्यावरचा फिकट भाग स्पष्ट दिसत होता. खाली इतकं गवत असून त्याने एकदाही मान वळवली नाही. पुरेशी उंची मिळाल्यावर पंख स्थिर करून उत्तरेकडे घसरत गेला, पुढच्या सोंडेवर पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा घसरण. घसरण, फेऱ्या, घसरण हीच निघालेल्या पक्ष्याची चाल. कैकर तर आणखी सोपा, मासे खाणारा पक्षी पाण्यापासून इतक्या दूर, डोंगरावरून सरळ रेषेत जात असेल तर तो कुठेतरी निघालाच आहे.

घारींचं मात्र अवघड आहे आणि इथे मी मुलांना सावध करते. चैत्रात कोकणात भाजावळ चालते, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, शिवाय डोंगरांना वणवे लागतात. दरीत धूर उठला की जाळातून पळणारे किडे आणि सरडे टिपायला चहूकडच्या घारी तिकडे धावतात. दहा-बारा घारी एकाच दिशेने जाताना दिसल्या की नवखा माणूस हरखतो. आधी त्या दिशेला धूर आहे का ते बघा. आम्ही घारींसाठी वेगळं पानच ठेवलंय आणि त्या पानावर धुराचा रकाना आहे.

पक्षी ओळखायला डोंगरावर शिकू नका, हे माझं ठाम मत आहे. तिथे पक्षी लांब असतो, क्षणभर दिसतो आणि हातून जातो. आधी महिनाभर मिरकरवाडा किंवा हर्णे बंदरावर जा. मासळी उतरते तिथे घारी आणि ब्राह्मणी घारी अगदी डोक्यावर असतात. घारीची शेपटी दुभंगलेली, ब्राह्मणीची गोलसर. ब्राह्मणीचं पोर तपकिरी असतं आणि ते भल्याभल्यांना फसवतं. त्याला ऊन समोर असताना, ऊन मागे असताना, वळताना, घसरताना, पंख गळालेल्या अवस्थेत, शंभरदा बघा. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांवर समुद्र गरुड दिसला तर त्याची पाचरीसारखी आखूड शेपटी डोक्यात पक्की करा. रंगांच्या मागे लागू नका. घाटावर मार्चच्या धुरकट उजेडात सगळेच काळे दिसतात. तिथे कामाला येतो तो आकार: ससाण्याचे टोकदार पंख, शिक्र्याचे आखूड रुंद पंख आणि लांब शेपटी, गरुडाच्या पंखांच्या टोकाची पसरलेली बोटं, मधुबाजाची पुढे काढलेली लांब मान आणि तिच्यावरचं छोटं डोकं. तरीही ओळख पटली नाही तर 'अनोळखी गरुड' किंवा नुसतं 'अनोळखी शिकारी पक्षी' लिहा. अशा नोंदी असलेल्या वहीवर माझा जास्त विश्वास बसतो.

कधी एकदम थवा आलाच, तर घिरट्या घालताना मोजू नका. तेच पक्षी पुन्हा पुन्हा नजरेसमोर येतात आणि आकडा फुगतो. थांबा. वर पोचल्यावर ते एकामागोमाग एक बाहेर पडून घसरू लागतात, तेव्हा ती ओळ मोजा. एकाने दुर्बिणीतून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने मध्येच वर बघायचा मोह आवरायचा.

तक्ता तासातासाचा असतो. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला वाऱ्याची दिशा आणि जोर, आकाशाच्या आठ भागांपैकी किती भागांत ढग, आणि किती लांबचं दिसतंय ते लिहायचं. लांबचं मोजायला ठरलेल्या खुणा ठेवा: जवळची सोंड, मधला डोंगर, खालच्या नदीचं वळण. मार्चमध्ये कित्येक दिवस तिसरी खूण दिसतच नाही. अवकाळीची सर येऊन गेली की हवा एकदम धुतली जाते आणि पक्षी 'वाढतात'. ते वाढलेले असतात की आपल्याला दिसू लागलेले असतात, याचं उत्तर या एका रकान्यात मिळतं.

आणि शून्य लिहायचं. तासभर बसलात आणि काही गेलं नाही तर तिथे ० हवा. बसलाच नसाल तर जागा कोरी हवी. शिमग्यात आमची मोजणी अडते, कारण पालखी गावात आली की मुलं गावातच हवीत आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांच्या पानांवर आम्ही 'मोजणी नाही' असं लिहितो. कुणी तिथे शून्य टाकलं तर दहा वर्षांनी वही उघडणारा म्हणेल की होळीच्या आसपास पक्षी जातच नाहीत.

बेरजेपेक्षा ताशी आकडा बघायची सवय लावा. समजा, पहिल्या वर्षी २० तासांत ३० पक्षी मोजले आणि दुसऱ्या वर्षी ६० तासांत ६०. बेरीज दुप्पट झाली, पण ताशी दीडवरून एकावर आलात. प्रकल्प-अहवालात 'स्थलांतरात वाढ' असं लिहिणारी मुलं इथेच अडखळतात. दोन हंगामांवरून वाढ-घट बोलूच नका.

आता त्या प्रश्नाकडे, मोजायचं कशाला. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या पवनचक्क्यांच्या आणि बिनपवनचक्क्यांच्या भागांची तुलना केली होती. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि त्यांचं भक्ष्य असलेले सरडे संख्येने वाढलेले, माणसाला कमी घाबरणारे निघाले. वर आकाशात पक्षी कमी झाल्याचा परिणाम खाली दगडावरच्या सरड्यापर्यंत पोचला. हे कळलं, कारण कुणीतरी दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने मोजत बसलं होतं. आपल्या घाटमाथ्यावर उद्या मनोरे, तारा किंवा रस्ते आले, तर आधी काय होतं हे सांगायला हातात वही हवी. भारताने २०१६ मध्ये स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर सही केलेली आहे. त्या सहीला अर्थ यायचा तर अशा वह्या गावोगाव लागतील.

हंगामाच्या शेवटी, एप्रिल संपताना, नजर पश्चिमेकडे वळवा. अमूर ससाणे आफ्रिकेतून परतताना अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि पुढे चीन-सैबेरियाकडे जातात. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि तरी हा समुद्र ते न थांबता पार करतात. त्यांची दिशा इतरांसारखी डावीकडून उजवीकडे नसते, ते समोरून तुमच्या अंगावर येतात. त्यासाठी वेगळी रेघ ठेवा.

काही गोष्टी जिवाच्या. कड्याखाली किंवा कपारीजवळ बसण्याआधी आग्या मोहोळ कुठे आहेत ते बघा. मधुबाज पोळ्यावर हल्ला करतो, त्याचा राग माश्या खाली बसलेल्या माणसावर काढू शकतात. अत्तर लावून येऊ नका, शेकोटी पेटवू नका. वानरं पिशव्या उचलतात, डबा बंद ठेवा. कड्याच्या धारेपासून लांब बसा, कारण दुर्बीण डोळ्यांना लावलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत बसायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. एरवीही जवळच्या वनरक्षकांना भेटून कामाची कल्पना द्या. त्यांना डोंगराची जेवढी माहिती असते तेवढी पुस्तकात सापडत नाही. दोन लिटर पाणी, टोपी, सुती पंचा, भाकरी आणि ताक एवढं पुरतं. दुर्बीण ८x४२ ची घ्या, १० पटीची दिवसभर धरून हात थरथरतात.

करिअरबद्दल पालकही विचारतात. शिकारी पक्षी मोजण्याची नोकरी अशी फार थोड्यांना मिळते. पण दापोलीच्या वनविद्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांना, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे डोळे लावून बसलेल्यांना, किंवा पर्यावरणीय परिणामांच्या सर्वेक्षणात काम शोधणाऱ्यांना ही सवय फार उपयोगी पडते. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या जोडीला तुमची मूळ वही न्या, शून्यांसकट. वही भरलेल्या रात्रीच तिची प्रत काढायची आणि नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या, तिथे वेळ, जागा आणि किती मिनिटं बसलात ते खरं भरायचं. 'भरपूर' म्हणून फुली मारायची नाही, आकडा द्यायचा.

यंदा यायचं असेल तर माघात बंदरावर जाऊन घारी बघायला लागा. फाल्गुनात घाटावर येताना घड्याळ मनगटावर बांधून या. मोबाइलमध्ये वेळ बघायला गेलं की माणूस दहा मिनिटं त्यातच राहतो.